सज्ञान झालं म्हणजे शिक्षण संपलं?

(कल्याण येथे झालेल्या एकट्या स्त्रियांच्या बैठकीतील भाषणाचा हा मजकूर. या बैठकीला ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, उल्हासनगर आणि टिटवाळा येथून मैत्रिणी आल्या होत्या.)



मला भाषणाची सवय नाही, पोळ्या लाटायची आहे. २००६ साली नवरा घर सोडून गेला, तेव्हापासून मी डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्रात काम करते. पहाटे चारला उठायचं, साडेनऊपर्यंत पोळ्या, मग दोन घरचा स्वयंपाक. तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि मुलगी सहा वर्षांची. आज मी बोलणार आहे ते मुलं लहान असतानाच्या दिवसांबद्दल नाही. ते दिवस कसे काढले हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही सगळ्यांनी ते काढलेत. मला बोलायचंय ते मूल अठरा वर्षांचं होतं त्या दिवसाबद्दल. त्या दिवसाची आधी कुणी कल्पनाच देत नाही.

कोर्टाने २००८ साली मला पोटगी मंजूर केली. मला दीड हजार आणि दोन्ही मुलांना एकेक हजार, असे महिन्याला साडेतीन हजार. नवरा दोन महिने भरायचा, तीन महिने गायब व्हायचा. थकबाकीसाठी अर्ज, मग वॉरंट, मग परत दोन महिने. तरी त्या पैशांवर मुलांच्या शाळेचं निभत होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये मुलगा अठरा वर्षांचा झाला. तो बारावीत होता, परीक्षेला तीन महिने उरले होते. नवऱ्याच्या वकिलाने लगेच अर्ज टाकला की मुलगा आता सज्ञान झाला, त्याची रक्कम बंद करावी. कोर्टाने कायदा पाहिला आणि ती बंद केली. यात मी कोर्टाला दोष देत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमात अज्ञान मुलाची पोटगी होती. अठरानंतर फक्त अपंगत्वामुळे किंवा मानसिक आजारामुळे स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या मुलाला ती मिळे. जुलै २०२४ पासून त्या कलमाच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम आलं. नंबर बदलला, पण अठराचा आकडा तसाच राहिला.

त्या दिवशी घरी येताना मी 'सज्ञान' या शब्दाचाच विचार करत होते. ज्याचं शिक्षण अर्धवट आहे, ज्याने अजून बारावीचा पेपर दिलेला नाही, त्याला कायदा सज्ञान म्हणतो. आणि सज्ञान म्हणून त्याच्या शिक्षणाचेच पैसे बंद करतो.

एक हजार रुपये म्हणजे काही फार नाही, असं एका शिकलेल्या बाईंनी मला तेव्हा ऐकवलं. पण एक हजार गेले की घरात काय घडतं ते सांगते. मुलगा पहाटे पेपर टाकायला जायला लागला. मुलगी त्या वर्षी दहावीला होती. ती माझ्याबरोबर पहाटे कणीक मळायला यायला लागली. दहावी ती पास झाली आणि अकरावी कॉमर्सला प्रवेशही घेतला. दिवाळीच्या सुमाराला एक दिवस म्हणाली, "आई, मी आता तुझ्याबरोबर पूर्ण वेळच येते. दादाचं तरी होऊ दे."

आणि मी "हो" म्हणाले.

मी संघटनेत येऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा-मुलगी समान यावर मी पथनाट्यात काम केलंय. पण त्या दिवशी मी हो म्हणाले. पैसे बंद झाले होते मुलाचे, आणि शाळा सुटली मुलीची. हे लक्षात ठेवा मैत्रिणींनो. मदत कोणत्याही मुलाची बंद होवो, घरात तिची भरपाई करायला पहिली पुढे होते ती मुलगी. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, हे खरं आहे. पण मोफत म्हणजे फी माफ. पोळ्या लाटून ती घरात जे पैसे आणू शकते, ते तिने आणले नाहीत तर घर कसं चालायचं, याचं उत्तर फीमाफीत नाही.

मुलीने पुढे १७ नंबरचा फॉर्म भरला आणि २०२० साली बाहेरून बारावी केली. दोन वर्षं उशिरा. ती मला कधी काही बोलली नाही. पण ती दोन वर्षं माझ्या नावावर आहेत, असं मी धरून चालते.

आता आपल्या राज्याच्या योजनेकडे येते. बालसंगोपन योजना तुमच्यापैकी बऱ्याचजणींना माहीत आहे. वडील किंवा आई नाही, आईबाप वेगळे झालेत, दुर्धर आजार आहे, तुरुंगात आहेत, अशा घरातल्या मुलांसाठी ती आहे. पूर्वी मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत. २०२१ साली ते १,१०० झाले आणि २०२३ साली २,२५०. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. मला माझ्या वेळी ही योजना आहे हेच कुणी सांगितलं नाही. नंतर समजली, आणि आता मी दुसऱ्या बायकांचे फॉर्म भरायला जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलाला घेऊन उभं राहून काढलेला फोटो. त्या फोटोची मला फार चीड येते, पण तो काढावा लागतो. मग बालकल्याण समितीचा आदेश होतो. एवढं सगळं करून मिळणारी ही मदत अठरा वर्षं पूर्ण झाली की थांबते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये महिन्याला ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. तेही अठरापर्यंतच.

आता हिशेब घाला. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल सोळाव्या वर्षी दहावी होतं आणि अठराव्या वर्षी बारावी. कुठेही न अडखळता गेलं तर! म्हणजे सगळं सुरळीत असलेल्या मुलाचासुद्धा अठरावा वाढदिवस बारावीच्या वर्षात किंवा परीक्षेच्या आसपास येतो. आणि आपली मुलं न अडखळता जातात का? बाप मेला की एक वर्ष जातं. आईने घर बदललं, उल्हासनगरहून टिटवाळ्याला गेली, की शाळा बदलताना एक वर्ष जातं. म्हणजे ज्या मुलाचं जास्त नुकसान झालं, तो मागे पडतो. आणि जो मागे पडतो, त्याची मदत दहावी-अकरावीतच संपते.

कल्याणच्या एका मैत्रिणीचं उदाहरण देते. तिचा नवरा रिक्षा चालवायचा. एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला. घरात एक मोबाईल आणि दोन मुलं, त्यामुळे थोरल्याचं ऑनलाइनच्या काळातलं शिक्षण झालंच नाही, तो एक वर्ष मागे राहिला. तिला बालसंगोपनचे पैसे सुरू झाले, ते चार-चार महिने उशिरा यायचे, पण यायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुलगा अठराचा झाला तेव्हा तो अकरावीत होता. पैसे थांबले. ती चौकशीला गेली तेव्हा खिडकीवरून उत्तर मिळालं, "बाई, मुलगा आता कमावता झाला की." कुठे कमावता झाला? वर्गात बसलेला मुलगा वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कमावता होतो का? पण तसंच झालं. तो स्टेशनजवळ मोबाईलच्या दुकानात लागला. कॉलेजात प्रॅक्टिकलपुरता जायचा. खिडकीवरच्या माणसाने म्हटलं आणि सरकारने ते खरं करून दाखवलं.

आता कुणी म्हणेल, कुठेतरी रेघ मारावीच लागते. मान्य आहे. पण सरकारने स्वतःच बाकीच्या ठिकाणी रेघ कुठे मारली आहे ते पाहू.

केंद्र सरकारचा नोकर मेला तर त्याच्या मुलांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क २५ वर्षांपर्यंत असतो. इथे कल्याणला रेल्वेची एवढी मोठी वसाहत आहे, तिथल्या बायकांना विचारा. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत कामगाराच्या विधवेबरोबर दोन मुलांना पेन्शन मिळतं, तेही २५ पर्यंत. कामगार विमा कायद्यात, ज्याला आपण ईएसआय म्हणतो, कामावर मेलेल्या कामगाराच्या मुलाला अठरापर्यंतच मदत होती. २०१० साली कायदा दुरुस्त करून ते वय २५ केलं. म्हणजे अठराची रेघ पुसता येते, ती एकदा पुसलेली आहे. कोविडमध्ये आईबाप दोघेही गेलेल्या मुलांसाठी पीएम केअर्सची योजना आली, तिच्यात १८ ते २३ या वयात दरमहा पैसे द्यायचं ठरलं. आपल्या संजय गांधी निराधार योजनेतसुद्धा, मुलं २५ वर्षांची होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत, जे आधी होईल तोवर, आईचं अनुदान चालू राहतं. रेल्वेच्या विद्यार्थी पासाचं पाहा. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलग्यांना बारावीपर्यंत मोफत पासाची सवलत आहे. तिथे इयत्ता विचारतात.

म्हणजे साहेबाचं मूल पंचविसापर्यंत मूल असतं. कारखान्यातल्या कायम कामगाराचंही असतं. धुणंभांडी करणारीचं, पोळ्या लाटणारीचं, रिक्षावाल्याच्या विधवेचं मूल मात्र अठराव्या वर्षी मोठं होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून मला सगळ्यात जास्त राग आला होता. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढे २१ वर्षांपर्यंत मदत करता येते. ही चांगली तरतूद आहे, त्या मुलांना ती मिळालीच पाहिजे, त्यांना तर कुणीच नसतं. पण हाच कायदा म्हणतो की मुलाला संस्थेत टाकणं हा शेवटचा उपाय, मूल घरात वाढलं पाहिजे. मग ज्या बाईने अर्धपोटी राहून मूल संस्थेत टाकलं नाही, घरातच वाढवलं, तिच्या मुलाची मदत अठराला बंद. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघींना नातेवाइकांनी सांगितलं होतं, "टाक की बालगृहात, दोन वेळचं जेवण तरी मिळेल." त्यांनी टाकलं नाही. त्याचं हे बक्षीस.

मुलींच्या बाबतीत अठराचा अर्थ आणखी वेगळा आहे. ज्या दिवशी तिची मदत बंद होते, त्याच दिवसापासून तिचं लग्न कायद्याने करता येतं. दोन्ही गोष्टी एकाच तारखेला. माझ्या मुलीसाठी अठरा पूर्ण होण्याआधीच स्थळं यायला लागली होती. खर्चाचं तोंड कमी होईल, असं शेजारच्या काकू प्रेमाने सांगायच्या. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये. पण ती २१ वर्षांपासून पुढे. म्हणजे मूल म्हणून अठराला संपली, बाई म्हणून एकविसाला सुरू होणार. मधली तीन वर्षं ती कुणाच्या हिशेबात आहे? नवऱ्याच्या? लेक लाडकी योजनेत अकरावीला ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये आहेत, पण ती योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. त्यातली पहिली मुलगी अठराची होईल २०४१ साली. आज बारावीत बसलेल्या आपल्या मुलींना तिचा उपयोग नाही. आणि एकरकमी पैसे आले की घरात लग्नाचा विषय निघतो, हे आपल्याला माहीत आहे. शिक्षणाला दर महिन्याचे पैसे लागतात.

शिष्यवृत्त्या आहेत ना, असंही विचारतात. आहेत, आणि त्या मिळवल्या पाहिजेत. पण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतो, आणि तो वडिलांच्या कागदांवरून निघतो. नवरा सोडून गेलेल्या बाईने सासरच्या दारात जाऊन त्याच्या बापाचा शाळा सोडल्याचा दाखला कसा मागायचा, हे ज्यांनी नियम केले त्यांनी एकदा जाऊन पाहावं.

बाहेरच्या देशांत काय आहे तेही थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये मुलांच्या संगोपनासाठी सरकार घराला पैसे देतं. त्यासाठी एलिनॉर रॅथबोन या बाईंनी जन्मभर लढा दिला. १९४५ साली कायदा आला तेव्हा पैसे बापाच्या हातात द्यायचे घाटत होतं. त्या भांडल्या आणि ते आईच्या हातात आले. आज तिथे मूल शाळेच्या पातळीवरचं शिक्षण घेत असेल तर ही मदत वीस वर्षांपर्यंत चालू राहू शकते. आयर्लंडमध्ये ती अठराला थांबायची. २०२४ सालापासून अठरा झालेलं मूल अजून शाळेत असेल तर ती एकोणिसापर्यंत मिळू लागली. तिथल्या आयांचीही अडचण आपलीच होती. परीक्षेच्या वर्षात वाढदिवस येतो.

लांब कशाला जायचं? आपण ज्या गावात बसलोय, त्या कल्याणच्याच होत्या १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. एप्रिल १८८३ मध्ये त्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायला बोटीत बसल्या तेव्हा त्यांना नुकतंच अठरावं वर्ष पुरं झालं होतं. त्यांचं खरं शिक्षण अठरानंतर सुरू झालं.

तर आपलं मागणं काय आहे? मी चार गोष्टी मांडते. तुम्ही चर्चा करा, दुरुस्त करा.

पहिली. बालसंगोपनची मदत वाढदिवसाला बंद करू नये. मूल बारावीत, आयटीआयमध्ये किंवा डिप्लोमाला शिकत असेल तर ते शिक्षण पूर्ण होईपर्यंत, निदान २१ वर्षांपर्यंत ती चालू ठेवावी. कॉलेजचं बोनाफाईड वर्षातून एकदा द्यावं, बस. नवा फॉर्म नको, नवा फोटो नको.

दुसरी. अनुरक्षणाची मदत घरात वाढलेल्या, संगोपनाच्या योजनेतल्या मुलांनाही मिळावी.

तिसरी. पोटगीच्या कलमात शिकत असलेल्या मुलाचा समावेश व्हावा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ साली एका प्रकरणात म्हटलं आहे की मुलगा अठराचा झाला म्हणून त्याच्या शिक्षणाचा सगळा भार आईवर टाकता येणार नाही. न्यायाधीशांना जे दिसलं ते कायद्यात लिहिलं गेलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक बाईला वेगळं भांडावं लागणार नाही.

चौथी. पैसे आईच्या हातात यावेत आणि महिन्याच्या महिन्याला यावेत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करू शकतो? पोटगीचा अर्ज करताना शिक्षणाचा खर्च वेगळा मागा, फीच्या पावत्या जपून ठेवा. मुलीच्या बाबतीत अठरानंतर हक्क संपत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला बापाकडून खर्च मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. मुंब्र्याच्या मैत्रिणींनीही लक्षात ठेवावं, मुस्लिम घरातल्या मुलींचा खर्च लग्न होईपर्यंत बापाने द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितलं आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर मुलीला मी "हो" म्हणण्याआधी वकिलाकडे गेले असते.

आणि एक काम आजच करायचं आहे. मागे टेबलावर वही ठेवली आहे. जाण्याआधी प्रत्येकीने तिच्यात मुलाची इयत्ता आणि अठरा पूर्ण होण्याची तारीख लिहायची. नाव लिहायचं नसेल तर नका लिहू. निवेदन घेऊन जाऊ तेव्हा अधिकारी विचारणार, अशी मुलं आहेत तरी किती? तेव्हा वही पुढे करू. कुठल्या वर्गात बसलेलं कुठलं मूल कोणत्या तारखेला मोठं होणार आहे, ते त्यांनाही वाचू दे.

मला उद्या पहाटे चारला उठायचंय, म्हणून थांबते. वहीत नोंद केल्याशिवाय कुणी जाऊ नका.